ऑक्सफर्डची लहर मेसनला गेली

छप्पन्न लाख डॉलर. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात ऑक्सफर्ड नावाचं गाव आहे. तिथल्या ९७.७ मेगाहर्ट्‌झच्या एफएम लहरीसाठी २००४ साली ही किंमत ठरली. या रकमेत एकही ध्वनिमुद्रिका धरलेली नव्हती, एकही निवेदक नव्हता, आणि वीस वर्षं ते केंद्र कानाशी लावून बसलेला श्रोताही नव्हता. ‘नाइन्टीसेव्हन एक्स’ हे केंद्राचं लाडकं नावसुद्धा घेणाऱ्याच्या उपयोगाचं नव्हतं. ‘फर्स्ट ब्रॉडकास्टिंग’ या कंपनीला फक्त हवेतली जागा हवी होती, आणि तीही ऑक्सफर्डमध्ये नको होती. ती लहर सिनसिनाटी शहराच्या अंगणात, मेसन या उपनगराकडे, सरकवण्याचा बेत होता. १३ मे २००४ रोजी केंद्राचं एफएम प्रक्षेपण थांबलं. अमेरिकेतली स्वतंत्र ऑल्टरनेटिव्ह रॉक केंद्रं एकेक करून बंद पडली त्याबद्दल लिहिताना बहुतेक जण सांगतात की अभिरुची बदलली, तरुण पोरं इंटरनेटकडे गेली, जाहिराती आटल्या. यातलं काहीच खोटं नाही. पण हे सगळं वरवरचं आहे. माझ्या मते या केंद्रांचं मरण त्याच्या कितीतरी आधी लिहिलं गेलं होतं. केंद्र आणि त्याची लहर या दोन गोष्टी कायद्याने एकमेकींपासून सोडवल्या, तेव्हाच ते ठरलं. त्यानंतर ऐकणारे किती आहेत हा प्रश्न सौद्यात दुय्यम झाला.

मुळात हे केंद्र काय होतं ते नीट पाहायला हवं. ऑक्सफर्ड हे इंग्लंडमधलं नव्हे. सिनसिनाटीच्या वायव्येला, शेतांच्या मधोमध वसलेलं हे छोटं विद्यापीठगाव. तिथलं मायामी विद्यापीठ १८०९ सालचं, आणि फ्लोरिडातल्या मायामी शहराशी त्याचा काही संबंध नाही. डग आणि लिंडा बॅलॉग या दांपत्याने १९८१ मध्ये इथलं एक लहानसं एफएम केंद्र विकत घेतलं आणि सप्टेंबर १९८३ पासून त्यावर तेव्हा ‘मॉडर्न रॉक’ म्हटलं जाणारं संगीत वाजवायला सुरुवात केली. त्या काळी अमेरिकी रेडिओवर एक तर चालू महिन्याची पहिली चाळीस गाणी फिरत असत, नाही तर सत्तरच्या दशकातल्या मोठ्या रॉक बँडांची तीच ती गाणी. आर. ई. एम., द स्मिथ्स, द क्युअर, द रिप्लेसमेंट्स अशा बँडांना व्यावसायिक केंद्रांवर जागा जवळजवळ नव्हती. ती जागा विद्यापीठांच्या हौशी केंद्रांवर होती आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या व्यावसायिक केंद्रांवर. ‘बिलबोर्ड’ या व्यापारी साप्ताहिकाने मॉडर्न रॉकची वेगळी यादी छापायला घेतली ती सप्टेंबर १९८८ मध्ये, म्हणजे ऑक्सफर्डमध्ये हे संगीत वाजायला लागून पाच वर्षं झाल्यावर. निर्वाना या बँडचा ‘नेव्हरमाइंड’ हा अल्बम आला १९९१ मध्ये, आणि मग ज्या संगीताला कोणी विचारत नव्हतं ते अचानक बाजाराचं संगीत झालं. ज्यांनी रस्ता तयार केला त्यांच्यात कमी ताकदीचा प्रक्षेपक असलेलं हे गावातलं केंद्र होतं. दर वर्षी मे महिन्याच्या शेवटी, मेमोरियल डेच्या जोडसुट्टीत, ते पाचशे गाण्यांची उतरंड वाजवत असे. शेजारच्या इंडियाना राज्यात त्याच सुट्टीत पाचशे मैलांची मोटारशर्यत असते, तिच्यावर बेतलेली ही प्रथा. १९८८ च्या ‘रेन मॅन’ चित्रपटात डस्टिन हॉफमनचं पात्र मोटारीत बसून केंद्राचं घोषवाक्य पुन्हा पुन्हा म्हणतं. जगभरच्या चित्रपटगृहांत ते वाक्य ऐकू गेलं. मागे उभं असलेलं केंद्र मात्र एका जोडप्याच्या मालकीचं होतं.

आता लहरीकडे येऊ. १९३४ च्या अमेरिकी दळणवळण कायद्यानुसार लहर कोणाच्या मालकीची नसते. ‘एफसीसी’ हा संघीय आयोग ती वापरण्याचा परवाना देतो, आणि तो ‘लोकहित, सोय आणि गरज’ पाहून द्यायचा असतो. त्याच कायद्यात असंही आहे की परवाने निरनिराळ्या राज्यांत आणि गावांत न्याय्य रीतीने वाटले जावेत. म्हणून प्रत्येक परवान्यावर एका गावाचं नाव असतं, आणि केंद्राने त्या गावाची सेवा करावी अशी अपेक्षा असते. सत्तरच्या दशकात न्यायालयांनी ही अपेक्षा बरीच पुढे नेली. शिकागोचं डब्ल्यूईएफएम हे शास्त्रीय संगीताचं केंद्र विकलं जाऊन रॉककडे वळणार होतं. श्रोत्यांनी समिती काढली, खटला लढवला, आणि १९७४ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने सांगितलं की एखादा वेगळा संगीतप्रकार परिसरातून नाहीसा होणार असेल आणि श्रोत्यांची तक्रार भक्कम असेल, तर हस्तांतरापूर्वी आयोगाने सुनावणी घेतली पाहिजे. आयोगाला हे ओझं नको होतं. हा वाद न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएनसीएन केंद्राच्या श्रोतृसंघाच्या नावाने सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि मार्च १९८१ मध्ये सात विरुद्ध दोन अशा मतांनी निकाल लागला. कार्यक्रमांचं वैविध्य बाजारावर सोडण्याचं आयोगाचं धोरण योग्य आहे, असं बहुमताचं म्हणणं पडलं. न्यायमूर्ती थरगुड मार्शल यांनी विरोधी मत दिलं, ब्रेनन त्यांच्या बाजूने उभे राहिले. या दोन्ही भांडणांत शास्त्रीय संगीताच्या घरात शिरणारा पाहुणा रॉक होता, हे विसरून चालणार नाही. तेव्हा ज्या तत्त्वाचा पराभव झाला तेच तत्त्व पुढे रॉकला उपयोगी पडलं असतं. ‘या केंद्राबरोबर श्रोत्यांचं काय जाईल?’ हा प्रश्न विचारायचं बंधन १९८१ मध्ये संपलं, आणि बॅलॉग दांपत्याने केंद्र घेतलं तेही त्याच वर्षी.

बाकीचे टाके मग भराभर उसवत गेले. घेतलेलं केंद्र तीन वर्षं विकायचं नाही, असा एक जुना नियम होता. परवान्यांचा सट्टा होऊ नये यासाठी तो होता, आणि १९८२ मध्ये तो रद्द झाला. १९८९ मध्ये आयोगाने परवान्यावरचं गाव बदलून घेण्याची वाट सोपी केली. परवानाधारकाने गाव बदलायचा अर्ज केला, तर त्या लहरीवर दुसऱ्या कोणाला हक्क सांगता येणार नाही, अशी हमी मिळाली. नव्या गावाला पहिलंच स्थानिक केंद्र मिळतं आहे असं दाखवता आलं, की अर्जाला वजन येई. एखादं उपनगर स्वतंत्र नगरपालिका असेल, तर कागदावर तेही ‘गाव’च. मग दूरच्या खेड्यातली स्वस्त लहर उचलायची, तिच्यावर महानगराच्या कुशीतल्या उपनगराचं नाव चढवायचं, मनोरा सरकवायचा, आणि महानगराच्या भावाने ती पुढे द्यायची, असा धंदाच उभा राहिला. धंद्यातले लोक त्याला ‘मूव्ह-इन’ म्हणत. गावाला न्याय मिळावा म्हणून लिहिलेल्या कलमाच्याच आधारे गावची लहर शहरात गेली. ऑक्सफर्डची लहर अशीच मेसनला गेली. छप्पन्न लाखांचा हिशेब इथे लागतो. केंद्र ऑक्सफर्डमध्ये राहून जाहिरातींतून जे कमावत होतं, त्याच्याशी त्या आकड्याचा मेळ घालायला जाणं व्यर्थ आहे. तो आकडा सिनसिनाटीच्या जाहिरातबाजाराचा होता.

आपल्याकडच्या एका निकालाची इथे आठवण होते. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाच्या खटल्यात प्रक्षेपणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असं ठरवलं. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचं होतं. सरकारची मक्तेदारी मोडायची, पण लहरी पैसेवाल्यांच्या हातीही एकवटू द्यायच्या नाहीत, अशी दुहेरी चिंता त्या निकालात आहे. पुढे सरकारने खासगी एफएमसाठी लहरींचे लिलाव केले, आणि चढी बोली लावून आलेल्या केंद्रांना बहुतेक ठिकाणी हिंदी चित्रपटगीतांपलीकडे जायची हिंमत झाली नाही. मुंबईतला श्रोता सुई फिरवतो तेव्हा त्याला जो एकसुरीपणा ऐकू येतो, त्याचं मूळ निवेदकांच्या आळसात नाही, लहरीच्या किमतीत आहे. जागा जितकी महाग, तितकं तिच्यावरचं धाडस कमी.

अमेरिकेत हाच न्याय १९९६ च्या दूरसंचार कायद्याने देशभर लागू केला. तोवर एका कंपनीला देशभरात जास्तीत जास्त चाळीस केंद्रं ठेवता येत. ही मर्यादा पूर्णपणे उठली, आणि सर्वांत मोठ्या शहरांत एकाच मालकाला आठपर्यंत केंद्रांची मुभा मिळाली. ‘क्लिअर चॅनेल’ या टेक्सासच्या कंपनीकडे १९९५ मध्ये चाळीसच्या आसपास केंद्रं होती. काही वर्षांत ती बाराशेच्या वर गेली. यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. नव्वदच्या दशकात ऑल्टरनेटिव्ह रॉक सर्वांत जास्त वाजलं ते मोठ्या कंपन्यांच्याच केंद्रांवर, मग मालकी एकवटल्याने संगीताचं नुकसान झालं असं कसं म्हणायचं? उत्तर वॉशिंग्टनजवळच्या डब्ल्यूएचएफएस केंद्राच्या गोष्टीत मिळतं. साठच्या दशकाच्या अखेरीस मेरीलँडच्या बेथेस्डात जेक आइनस्टाइन यांनी हे केंद्र मुक्त रॉकचं केलं. निवेदक आपल्या मनाने ध्वनिमुद्रिका निवडत. १९८३ मध्ये बेथेस्डातली १०२.३ ही लहर विकली गेली, पण मालकाने नाव, माणसं आणि रीत उचलून अॅनापोलिसच्या ९९.१ वर नेली, आणि केंद्र जगलं. लहर गेली तरी केंद्र राहू शकतं, फक्त ते राहावं असं मालकाला वाटलं पाहिजे, हे तेव्हा दिसलं. पुढे मालक बदलत गेले आणि केंद्र ‘इन्फिनिटी’ या साखळीत आलं. आरएफके स्टेडियममध्ये त्याचा वार्षिक संगीतमेळा हजारोंच्या गर्दीत भरत होता. पण गाण्यांची यादी आखडत गेली, निवड निवेदकाच्या हातून निसटली. १२ जानेवारी २००५ रोजी भर दुपारी ९९.१ वर ‘एल झोल’ हे स्पॅनिश केंद्र सुरू झालं. श्रोत्यांनी एवढा कालवा केला की त्याच महिन्यात इन्फिनिटीने आपल्या बाल्टिमोरच्या दुसऱ्या लहरीवर संध्याकाळपुरतं ते नाव परत आणलं. म्हणजे श्रोते होते. साखळीच्या हिशेबात ते कधी एका खान्यात टाकायचे, कधी दुसऱ्या, एवढंच त्यांचं स्थान उरलं होतं.

इथे आणखी एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारला पाहिजे. वॉशिंग्टनच्या परिसरात एल साल्वादोरहून आलेली माणसं मोठ्या संख्येने राहतात. त्यांना त्यांच्या भाषेतलं ताकदवान एफएम केंद्र मिळालं, यात वाईट काय? काहीच नाही. परदेशात आपल्या भाषेतला आवाज कानावर पडणं म्हणजे काय, हे न्यू जर्सीतल्या मराठी माणसाला सांगावं लागणार नाही. ते केंद्र त्यांना खूप आधी मिळायला हवं होतं. पण एकाच मालकाच्या हाती एकाच शहरातल्या अनेक लहरी असताना नेमकी वेगळं संगीत वाजवणारी लहरच का रिकामी करायची, याचं उत्तर लोकसंख्येत सापडत नाही. दोन अल्पसंख्य श्रोतृवर्गांना एका खुर्चीसाठी भांडायला लावणं आणि उरलेल्या सगळ्या खुर्च्यांवर तीच ती गाणी बसवून ठेवणं, याला बाजाराचा कौल म्हणणं मला पटत नाही.

दुसरा आक्षेप मालकांच्या बाजूचा. बॅलॉग दांपत्याने हे केंद्र दोन दशकं पोसलं. त्यांनी ते विकलं यात दोष कसला? बोस्टनच्या डब्ल्यूएफएनएक्सबद्दलही हेच म्हणता येईल. स्टीफन मिंडिच यांच्या ‘फीनिक्स’ वृत्तपत्रसमूहाने १९८३ पासून चालवलेलं ते केंद्र. १९९२ पासून तिथे ‘वन इन टेन’ हा समलिंगी श्रोत्यांसाठीचा कार्यक्रम होत असे, जो त्या काळी दुसऱ्या व्यावसायिक रॉक केंद्राने क्वचितच केला असता. २०१२ मध्ये १०१.७ ही त्याची लहर क्लिअर चॅनेलने एक कोटी पंचेचाळीस लाख डॉलरना घेतली. केंद्राची सुरुवात ‘द क्युअर’च्या ज्या गाण्याने झाली होती तेच गाणं वाजवून जुलैमध्ये निरोप घेतला गेला, आणि मार्च २०१३ मध्ये ‘बोस्टन फीनिक्स’ हे वृत्तपत्रही बंद पडलं. या मालकांना दोष देणारा मी नाही. उलट त्यांनी जे केलं ते कायद्याने करायला हवं होतं. लहरीची बाजारकिंमत वर्षानुवर्षं वाढत असताना ती न विकता बसणं म्हणजे दर वर्षी लाखो डॉलर खिशातून घालून लोकांना संगीत ऐकवणं. सार्वजनिक हिताचा हा भार एका कुटुंबाच्या जिद्दीवर ठेवला गेला. जिद्दीला वय असतं, कर्ज असतं, कधी तरी थकायचं असतं. तीन वर्षांची अट किंवा श्रोत्यांची सुनावणी हे त्या जिद्दीला दिलेले टेकू होते, आणि तेच काढून घेतले होते.

तिसरा आक्षेप सर्वांत लोकप्रिय आहे. इंटरनेट आल्यावर लहरीचं एवढं कौतुक कशाला? वाटेल ते संगीत आता कोणालाही, कुठेही मिळतं. ऑक्सफर्डच्या केंद्राने या म्हणण्याची परीक्षा स्वतःच्या जिवावर दिली आहे. एफएम बंद पडलं, तरी काही गुंतवणूकदार पुढे आले आणि जुलै २००४ मध्ये तेच निवेदक, तीच गाणी घेऊन केंद्र इंटरनेटवर उभं राहिलं. लहरीचं बंधन गेल्यामुळे आता जगभरचे श्रोते मिळू शकत होते. सप्टेंबर २००६ मध्ये पैसे संपले. ‘लाला’ या संगीतकंपनीने ते उचललं, २००९ मध्ये ते दुसऱ्या हाती जाऊन टेक्सासच्या ऑस्टिनला हललं, आणि २३ मार्च २०१० रोजी कायमचं थांबलं. साडेपाच वर्षांत तीन धनी. आता कायदा पाहा. अमेरिकेत एफएम केंद्र गाणं वाजवतं तेव्हा गीतकार-संगीतकारांना मानधन देतं, पण ध्वनिमुद्रणातल्या गायक-वादकांना आणि कंपनीला काही देत नाही. इंटरनेट केंद्राला मात्र १९९८ च्या कायद्यापासून तेही द्यावं लागतं, आणि २००७ मध्ये ठरलेला दर प्रत्येक गाण्याला, प्रत्येक श्रोत्यामागे होता. २००६ साठी ०.०८ सेंट, वाढत वाढत २०१० साठी ०.१९ सेंट. ऐकायला हा आकडा चिल्लर वाटतो. तासाला पंधरा गाणी आणि चोवीस तास सरासरी एक हजार श्रोते धरा, की २०१० च्या दराने वर्षाला सुमारे अडीच लाख डॉलर होतात. लहान केंद्रांसाठी पुढे सवलतीचे करार झाले हे खरं, पण मूळ तर्क तोच राहिला. एफएमवर हजाराव्या श्रोत्याचा खर्च शून्य, इंटरनेटवर प्रत्येक नवा श्रोता म्हणजे नवं बिल. गायक-वादकांना पैसे मिळू नयेत असं मी म्हणत नाही. ते मिळायलाच हवेत, आणि एफएमकडूनही मिळायला हवेत. पण ज्या माध्यमाने लहान केंद्रांना मोकळं करायचं, त्याच माध्यमात लोकप्रियता हा दंड ठरला, हे नुसत्या ‘तंत्रज्ञान बदललं’ या वाक्यात मावत नाही.

शिवाय वाटेल ते गाणं हाताशी असणं आणि केंद्र असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्या चालू असताना गल्लीतून चालत जाणाऱ्या माणसाला एका घरातून सुटलेलं वाक्य पुढच्या घरात पूर्ण ऐकू येई, हा अनुभव महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांचा आहे. एकाच वेळी, एकाच परिसरात, कोणीतरी जाणत्या माणसाने निवडलेलं ऐकणं हे केंद्राचं काम. ऑक्सफर्डच्या वसतिगृहात, सिनसिनाटीच्या कारखान्यात आणि मधल्या रस्त्यावरच्या ट्रकमध्ये तेच गाणं त्याच क्षणी लागलेलं असे. पुढच्या आठवड्यात तो बँड जवळच्या क्लबमध्ये वाजवायला येई, तेव्हा तिथे जमणारी गर्दी याच ऐकण्यातून तयार झालेली असे. संगणकाने प्रत्येकाला वेगळी यादी बनवून दिली, की गाणं पोचतं, गर्दी जमत नाही. म्हणूनच अजून जी केंद्रं हे काम करतात ती बहुतेक बाजाराबाहेरच्या परवान्यांवर उभी आहेत. सिअॅटलचं केईएक्सपी श्रोत्यांच्या देणग्यांवर चालतं. मिनेसोटा पब्लिक रेडिओने जानेवारी २००५ मध्ये ‘द करंट’ सुरू केलं, पण त्यासाठी जी लहर घेतली ती सेंट ओलाफ कॉलेजच्या शास्त्रीय संगीताच्या केंद्राची होती. इथेही एकाचं घर दुसऱ्याला गेलं. विद्यापीठांची केंद्रंही या किमतीपासून सुरक्षित नाहीत. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठाने विद्यार्थ्यांचं केटीआरयू केंद्र पंच्याण्णव लाख डॉलरना विकलं. ऑक्सफर्डमध्ये मायामी विद्यापीठाचं स्वतःचं डब्ल्यूएमयूबी होतं, ते २००९ पासून सिनसिनाटीच्या सार्वजनिक केंद्राचे कार्यक्रम पुढे पाठवू लागलं. पाच वर्षांच्या आत एका गावाचे दोन आवाज शहराच्या ताब्यात गेले.

९७.७ वर पुढे स्पॅनिश संगीत आलं. परवान्यावर गाव म्हणून मेसनचं नाव आहे. केंद्राची अधिकृत अक्षरं मात्र अजून डब्ल्यूओएक्सवाय हीच आहेत, आणि त्यांतलं मधलं ‘ओएक्स’ ऑक्सफर्डचं आहे.